‘विन्सेंट फेरर’ म्हणजे नेमके कोण? एका सामायिक नावाचा प्रकरण अभ्यास

मराठीत ‘विन्सेंट फेरर’ असे लिहून शोध घेणाऱ्याला बहुधा दुष्काळी भागातल्या शेतकऱ्यांसाठी काम केलेले मनमाडचे फादर फेरर हवे असतात. समोर येतात ते पुष्कळदा चौदाव्या शतकात व्हॅलेन्सियात जन्मलेले आणि १४५५ साली संत म्हणून घोषित झालेले दुसरेच विन्सेंट फेरर. दोघे कॅथलिक, दोघे भूमध्य समुद्राकाठच्या कॅटलानभाषक पट्ट्यातले, दोघेही धर्मसंघात दाखल झालेले, आणि दोघांच्या चरित्रात धर्मांतराचा विषय येतोच. नाव सारखे आणि माणसे अगदी वेगळी असती, तर वाचकाने स्वतःच निवड केली असती. इथे वरवरच्या खुणाही जुळतात, म्हणून एकाचे वर्ष दुसऱ्याच्या नोंदीत शिरले तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

हाताळायचे प्रकरण एवढेच: या नावासाठी मराठी कोशात किंवा मराठी विकिपीडियावर निःसंदिग्धीकरणाचे, म्हणजे एकाच नावाच्या व्यक्ती वेगळ्या करून दाखवणारे, एक पान करायचे आहे. त्यावर कोण येणार, कोण गाळायचे, प्रत्येकाची ओळख एका ओळीत कशी द्यायची, आणि आधीपासून चुकीच्या माणसाकडे जाणारे दुवे कसे दुरुस्त करायचे, हे ठरवायचे आहे.

हा योगायोग नाही

कॅटलानमध्ये ‘फेरर’ म्हणजे लोहार. धंद्यावरून पडलेले आडनाव असल्यामुळे ते कॅटलोनिया, व्हॅलेन्सिया आणि बॅलेअरिक बेटे, तिन्हीकडे मुबलक आहे आणि एका फेररचा दुसऱ्याशी रक्ताचा संबंध असेलच असे नाही. ‘विसेंत’ (‘विन्सेंट’चे व्हॅलेन्सियातले रूप; स्पॅनिशमध्ये ‘विसेंते’) हे नाव व्हॅलेन्सियात त्याहून जुन्या श्रद्धेतून आले. शहराचे आश्रयदाते संत म्हणजे ३०४ च्या सुमारास मारले गेलेले हुतात्मा विसेंत, ज्यांचा सण २२ जानेवारीला असतो. पुढे संत झालेल्या विसेंत फेरर यांची परंपरागत जन्मतारीख २३ जानेवारी १३५० आहे. म्हणजे सणाच्या दुसऱ्याच दिवशी जन्मलेल्या मुलाला हे नाव मिळाले.

खरा गुंता त्यानंतरचा. हे विसेंत फेरर संत झाल्यावर ‘विसेंत’ आणि ‘फेरर’ ही जोडीच पूज्य झाली. फेरर आडनावाच्या घरात मुलाचे नाव विसेंत ठेवणे स्वाभाविकच होते. पण फेरर आडनाव नसलेल्या घरांतही ‘विसेंते फेरेर’ हे अख्खे नाव मुलाला पाळण्यातले नाव म्हणून दिले जाऊ लागले, तेही पार पोर्तुगालपर्यंत. त्यामुळे या यादीतल्या सर्वांना ‘एकाच नावाआडनावाची माणसे’ म्हणणे काटेकोर नाही. काहींचे फेरर हे आडनाव आहे, तर काहींचे ते संतावरून घेतलेले दुसरे नाव आहे.

याच्या उलट बाजूचे उदाहरण म्हणून ‘जाउमे फेरर’ पाहावे. १० ऑगस्ट १३४६ रोजी मायोर्काहून ‘सोन्याच्या नदी’च्या शोधात आफ्रिकेच्या किनाऱ्याने निघालेला खलाशी जाउमे फेरर, पंधराव्या शतकात लेइदा इथे चित्रे काढणारे जाउमे फेरर, ज्यांना अभ्यासकांनी सोयीसाठी ‘पहिले’ आणि ‘दुसरे’ असे क्रमांक दिले आहेत, आणि १४९५ साली तोर्देसियासच्या रेषेची (स्पेन आणि पोर्तुगाल यांच्यात नवे प्रदेश वाटणाऱ्या रेषेची) मोजणी करून देणारे ब्लानेसचे विश्ववर्णनकार जाउमे फेरर. इथे दोन्ही नावे इतकी सर्रास आहेत की ती योगायोगाने जुळली. अशा यादीत व्यवसाय आणि शतक लिहिले की काम भागते. विसेंत फेररच्या यादीत ते भागत नाही, कारण नंतरच्यांची नावे पहिल्यावरूनच आली आहेत आणि त्याच्या काही खुणाही त्यांच्यासोबत आल्या आहेत.

यादीतली माणसे

*संत.* विसेंत फेरर, जन्म व्हॅलेन्सिया, १३५०. मृत्यू ५ एप्रिल १४१९, ब्रिटनीतल्या व्हान इथे. वडील गिल्येम फेरर हे नोटरी. १३६७ मध्ये ते डॉमिनिकन संघात गेले. पाश्चात्त्य चर्चमध्ये १३७८ ते १४१७ या काळात एकाच वेळी दोन, काही वर्षे तर तीन पोप होते. या फुटीत ते फ्रान्समधल्या आव्हिन्याँ इथल्या पोपच्या बाजूचे होते आणि तेरावे बेनेडिक्ट यांचे पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरूही होते. १३९९ मध्ये आव्हिन्याँ सोडून त्यांनी पुढची वीस वर्षे गावोगाव प्रवचने केली. ६ जानेवारी १४१६ रोजी पेर्पिन्याँ इथे त्याच बेनेडिक्टवरची निष्ठा आरागोनने (व्हॅलेन्सिया ज्याच्या राजसत्तेखाली होते त्या राज्याने) काढून घेतल्याची घोषणा त्यांच्याच तोंडून झाली.

राजकारणातले त्यांचे स्थान १४१२ च्या कास्पे इथल्या निवाड्यावरून कळते. आरागोनची गादी वारसाविना रिकामी होती. आरागोन, कॅटलोनिया आणि व्हॅलेन्सिया यांचे प्रत्येकी तीन असे नऊ पंच बसले आणि त्यांनी कॅस्टिलियन राजपुत्र फर्नांदो याची निवड केली. २८ जून रोजी निकाल जाहीर झाला. व्हॅलेन्सियाच्या तिघांत विसेंत फेरर होते आणि त्यांचे सख्खे भाऊ बोनिफासी फेररही होते. म्हणून कास्पेच्या संदर्भात नुसते ‘फेरर यांनी मत दिले’ असे वाक्य दिसले तर ते थांबून तपासावे लागते. बोनिफासी हे कार्थुसियन संघाचे प्रमुख. १४७८ मध्ये व्हॅलेन्सियात छापलेल्या बायबलच्या भाषांतराशी त्यांचे नाव जोडले जाते. ते काम चुकून विसेंत यांच्या नावावर जाते, आणि तीही या नावाची नेहमीची चूक आहे.

संतांच्या नोंदीत एक बाजू दडवू नये. त्यांची प्रवचने ज्यूंना आणि मुसलमानांना ख्रिस्ती करण्यासाठीही होती. १४१२ साली कॅस्टिलमध्ये ज्यूंना वेगळ्या वस्तीत कोंडणारे आणि त्यांचे व्यवसाय बंद करणारे कायदे आले, त्यांमागे या प्रवचनांचा जोर होता. भक्तिपर चरित्रे यहुदी धर्मांतरितांचे आकडे हजारोंनी देतात. ते आकडे तसेच उचलू नयेत. पण ही बाजू असल्याचे एका वाक्यात लिहावे लागते. त्याचे कारण फक्त इतिहासाचा न्याय एवढेच नाही. पुढे येणाऱ्या मनमाडच्या फेररांशी त्याचा थेट संबंध आहे.

*मनमाडचे.* विसेंते फेरेर मोंचो, जन्म बार्सिलोना, ९ एप्रिल १९२०. मृत्यू अनंतपूर, १९ जून २००९. किशोरवयात पोऊम या मार्क्सवादी पक्षात, स्पॅनिश यादवी युद्धात एब्रोच्या लढाईत, पराभवानंतर फ्रान्समधल्या आर्जेलेस-सुर-मेरच्या छावणीत, आणि स्पेनमध्ये परतल्यावर बेतान्सोसच्या छावणीत. १९४४ मध्ये कायद्याचे शिक्षण सोडून ते जेझुइट संघात दाखल झाले आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये मुंबईला उतरले. १९५८ पासून मनमाड हे त्यांचे कार्यक्षेत्र. दुष्काळी भागातल्या शेतकऱ्यांनी विहिरी खणाव्यात म्हणून त्यांनी धान्य, तेल आणि कर्ज देण्याची पद्धत सुरू केली. काम वाढले तसा विरोधही वाढला, आणि विरोधकांच्या आक्षेपांत धर्मांतराचा मुद्दा होता. १९६८ मध्ये त्यांना देश सोडावा लागला. त्यांच्या बाजूने मनमाडहून मुंबईकडे शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला होता. त्यांच्या पुढच्या काळातल्या संस्थेच्या साहित्यात मोर्चेकऱ्यांचा आकडा तीस हजार आणि अंतर २५० किलोमीटर दिलेले असते. ते वापरताना ‘संस्थेच्या म्हणण्यानुसार’ एवढे जोडावे.

१९६९ मध्ये ते परतले, ते मात्र महाराष्ट्रात न येता आंध्र प्रदेशातल्या अनंतपूरला गेले. त्यांची संस्था, रूरल डेव्हलपमेंट ट्रस्ट, तिथलीच. त्यानंतर त्यांनी जेझुइट संघ सोडला आणि एप्रिल १९७० मध्ये इंग्रज पत्रकार अॅन पेरी यांच्याशी विवाह केला. स्पेनमधली त्यांच्या नावाची संस्था १९९६ ची, आणि सलोख्यासाठीचा आस्तुरियासच्या राजपुत्राचा पुरस्कार १९९८ चा.

*विसेंते फेरे.* व्हॅलेन्सियाचे डॉमिनिकन धर्मशास्त्रज्ञ, मृत्यू १६८२, सालामांका. बुर्गोस, रोम आणि सालामांका इथे त्यांनी अध्यापन केले, थॉमस अॅक्वायनसच्या ग्रंथावर भाष्य लिहिले. गाव तेच, संघ तोच, नावही तेच. वेगळे एवढेच की आडनावातला शेवटचा ‘र’ नाही. बार्सिलोनाकडच्या उच्चारात ‘फेरर’चा शेवटचा ‘र’ गळतोच, त्यामुळे ‘फेरे’ हे लेखन स्वतंत्र आडनाव म्हणूनही आढळते आणि चुकीचे लेखन म्हणूनही. ग्रंथसूचीत सतराव्या शतकातले लॅटिन ग्रंथ ‘संत विन्सेंट’ यांच्या नावावर टाकले जातात त्यामागे हेच कारण असते.

*विसेंते फेरेर नेतो पाइवा.* पोर्तुगीज कायदेपंडित, १७९८ ते १८८६, कोइंब्रा विद्यापीठात नैसर्गिक कायद्याचे अध्यापक. इथे ‘विसेंते फेरेर’ हे दोन्ही मिळून पहिले नाव आहे आणि आडनाव ‘नेतो पाइवा’. पोर्तुगीज पद्धतीने सूचीत ते ‘पाइवा’खाली जातात. निःसंदिग्धीकरणाच्या पानावर त्यांना ‘हेही पाहा’ या भागात ठेवायचे. मुख्य यादीत घेतले तर फेरर हे त्यांचे आडनाव असल्याचा समज होतो.

*विसेंते फेरेर, प्रकाशक.* व्हॅलेन्सियातल्या ‘मेदिया वाका’ या सचित्र पुस्तकांच्या प्रकाशनाचे संस्थापक. हे प्रकाशन १९९८ मध्ये सुरू झाले, आणि त्याच वर्षी मनमाडवाल्या फेररांना आस्तुरियासचा पुरस्कार मिळाला. ‘विसेंते फेरेर, १९९८, स्पेन’ एवढ्यावरून शोध घेणारा माणूस हमखास अडखळतो.

कोणत्या खुणेवर भरवसा ठेवायचा

पहिली सुचणारी खूण म्हणजे पदवी. मराठीत ‘फादर फेरर’ म्हटले की मनमाड हे बहुतेक वेळा खरे ठरते. पण १९७० नंतरच्या मजकुरात ही पदवी काटेकोर राहत नाही. ते तेव्हा धर्मगुरू नव्हते, तरी अनंतपूरकडे लोक त्यांना ‘फादर’च म्हणत राहिले आणि त्यांची संस्थाही तसेच लिहिते. शिवाय भारतात त्यांचे नाव इंग्रजी वळणाने ‘विन्सेंट फेरर’ असेच लिहिले जाते, आणि संतांचे इंग्रजी रूपही तेच. ‘विसेंते’ म्हणजे मनमाडचे आणि ‘विन्सेंट’ म्हणजे संत असा नियम लावला, तर भारतातले निम्मे दुवे चुकतील. म्हणून ‘फादर’ हा शब्द फक्त शोधशब्द म्हणून घ्यावा. माणसाचे वर्णन लिहिताना ‘माजी जेझुइट’ किंवा ‘जेझुइट (१९४४ पासून), नंतर संघाबाहेर’ असे लिहिले की वाद होत नाही.

देशाची खूण त्याहून कच्ची. दोघांच्याही पुढे ‘स्पॅनिश’ लिहिण्याची सवय आहे. १३५० मध्ये स्पेन नावाचे राज्य नव्हते. व्हॅलेन्सिया हे आरागोनच्या राजसत्तेखालचे स्वतंत्र कायदे असलेले राज्य होते. संतांच्या ओळीत ‘व्हॅलेन्सियाचे’ लिहावे. मनमाडच्या फेररांच्या ओळीत ‘बार्सिलोनात जन्मलेले’ आणि ‘अनंतपूर’ हे दोन्ही हवे, आणि मराठी पानावर ‘मनमाड’ तर हवेच. १९५२ ते १९६० मधल्या घटनांना ‘महाराष्ट्र’ लिहिताना एवढे ध्यानात ठेवायचे की १ मे १९६० पूर्वी मनमाड मुंबई राज्यात होते. बत्तलपल्ली हे ट्रस्टच्या रुग्णालयाचे गाव आता श्री सत्य साई जिल्ह्यात येते, कारण २०२२ मध्ये अनंतपूर जिल्ह्याचे विभाजन झाले. जुन्या बातमीत ‘अनंतपूर जिल्हा’ आणि नव्या पानावर ‘श्री सत्य साई जिल्हा’ असे दिसले म्हणून त्या दोन संस्था ठरत नाहीत.

तारखा तपासल्या की निर्णय लवकर लागतो, पण एप्रिल महिना फसवतो. संतांचा मृत्यू आणि सण ५ एप्रिल, मनमाडच्या फेररांचा जन्म ९ एप्रिल, त्यांचा विवाहही एप्रिलातला. ‘दिनविशेष’ तयार करणाऱ्याने नुसते ‘एप्रिल, विन्सेंट फेरर’ असे टिपण ठेवले तर चूक ठरलेली. व्हॅलेन्सियात तर सणाची तारीख ५ एप्रिल अशी ठरलेली नाही. तो ईस्टरनंतरच्या दुसऱ्या सोमवारी असतो आणि म्हणून दरवर्षी तारीख बदलते. संतांच्या काळातल्या जानेवारी ते मार्चच्या तारखांबाबत आणखी एक अडचण आहे. आरागोनच्या राजसत्तेत तेव्हा वर्ष २५ मार्चला बदलण्याची रीत होती आणि चौदाव्या शतकाच्या मध्यावर ती बदलून नाताळपासून वर्ष मोजू लागले. जुन्या दस्तातले वर्ष आजच्या वर्षाहून एकाने कमी दिसले तर ती दुसरी व्यक्ती समजू नये.

तारखेचा उपयोग उलटाही होतो, आणि ते जाउमे फेरर या खलाशाच्या प्रकरणात छान दिसते. १३७५ च्या कॅटलान नकाशासंग्रहात आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ एक जहाज काढलेले आहे. जाउमे फेरर यांचे ते जहाज संत लॉरेन्सच्या दिवशी, म्हणजे १० ऑगस्ट १३४६ ला निघाल्याचा मजकूर शेजारी आहे. जेनोवातल्या एका टिपणात हाच प्रवास आहे, पण माणसाचे नाव ‘जोहान्नेस फेर्ने’ असे दिले आहे. नाव वेगळे असूनही अभ्यासक तो एकच माणूस मानतात, कारण दिवस, वर्ष, बंदर आणि उद्देश असे चारही धागे जुळतात. नाव जुळले आणि बाकी चार धागे जुळले नाहीत तर माणूस वेगळा. नाव बिघडले पण चारही धागे जुळले तर माणूस तोच. विसेंत फेररच्या प्रत्येक संशयास्पद वाक्याला हीच कसोटी लावता येते.

सर्वांत पक्की खूण म्हणजे दुसरे आडनाव, आणि मराठी सूचीकार नेमके तेच गाळतात. स्पॅनिश पद्धतीत आधी वडिलांचे आणि मग आईचे आडनाव येते. ‘विसेंते फेरेर मोंचो’ यात ‘फेरेर’ वडिलांकडचे आणि ‘मोंचो’ आईकडचे. कॅटलान लेखनात या दोहोंच्या मध्ये ‘इ’ हे उभयान्वयी अव्यय घालून ‘फेरर इ मोंचो’ असेही लिहितात. हा ‘इ’ मराठीत आद्याक्षर समजून ‘इ. मोंचो’ असा छापला गेला तर एक नवीनच माणूस तयार होतो. चौदाव्या शतकात दोन आडनावांची ही रीत नव्हती, तेव्हा ‘मोंचो’ दिसले की संतांचा प्रश्न मिटतो.

मात्र स्वल्पविराम सांभाळावा लागतो. आपल्याकडे शेवटचा शब्द आडनाव मानून उलटे लिहितात, म्हणून विसेंते फेरेर मोंचो यांचे ‘मोंचो, विसेंते फेरेर’ होते. हे चूक आहे. ‘फेरेर मोंचो, विसेंते’ असे हवे. चूक इतक्यावर थांबत नाही, कारण त्यांच्या मुलाचे नाव मोंचो फेरेर आहे. अनंतपूरच्या संस्थेत त्यांचेही नाव वारंवार येते आणि सूचीत ते ‘फेरेर, मोंचो’ असे बसते. एका स्वल्पविरामाच्या जागेवरून बाप आणि लेक वेगळे होतात. संगणकीय क्रमवारीत विरामचिन्हे गाळली जात असतील तर दोन्ही नोंदी शेजारी येतात आणि एखादा ‘पुनरावृत्ती’ म्हणून त्या एकत्र करून टाकतो. म्हणून दोघांच्या नोंदीत जन्मवर्ष किंवा निदान ‘पिता’, ‘पुत्र’ असा परस्परदुवा आधीच घालून ठेवावा.

लिप्यंतर आणि पुनर्निर्देशने

देवनागरीत पहिल्या नावाची सहा रूपे सहज सापडतात: विन्सेंट, विंसेंट, विन्सेन्ट, व्हिन्सेंट, विसेंते, विसेंत. आडनावाची तीन: फेरर, फेरेर, फेरे. जोड्या अठरा होतात. सगळ्यांची पुनर्निर्देशने (वाचकाला मुख्य पानाकडे वळवणारी शीर्षके) करणे म्हणजे निष्कारण पसारा. ‘विन्सेंट फेरर’ हे मुख्य शीर्षक ठेवून ‘विंसेंट फेरर’, ‘विन्सेन्ट फेरर’, ‘व्हिन्सेंट फेरर’, ‘विसेंते फेरर’, ‘विसेंते फेरेर’ आणि ‘विसेंत फेरर’ ही सहा त्याकडे वळवली की पुरते. अनुस्वार आणि जोडाक्षर यांतला फरक शोधयंत्र नेहमी ओळखतेच असे नाही, म्हणून पहिली दोन टाळू नयेत. ‘फेरे’ असलेली जोडी मात्र वळवायची नाही; ते शीर्षक सतराव्या शतकातल्या धर्मशास्त्रज्ञाचे आहे.

उच्चाराच्या शुद्धतेचा आग्रह इथे किती धरायचा? स्पेनच्या मध्यभागातला उच्चार ‘विथेंते’कडे झुकतो, व्हॅलेन्सियातला ‘विसेंत’, कॅटलोनियात तर या नावाचे ‘विसेन्स’ हे वेगळेच रूप चालते. लेखाच्या पहिल्या ओळीत मूळ रूप एकदा द्यावे. शीर्षक मात्र वाचक ज्या नावाने शोधतो त्याच नावाचे असावे, आणि मराठी वाचक ‘विन्सेंट फेरर’ असेच शोधतो.

मुख्य शीर्षक कोणाला द्यायचे

इतर अनेक भाषांत कंसाशिवायचे शीर्षक संतांकडे जाते आणि ते योग्यच आहे. सहाशे वर्षांची कीर्ती आहे त्यांची. मराठीत तसेच करणे ही मात्र आळशी नक्कल होईल. मराठी वाचकाचा या नावाशी आलेला संबंध मनमाडमधून आला आहे. उलट, ते शीर्षक मनमाडच्या फेररांना दिले तर वसई, मुंबई, गोव्यातल्या कॅथलिक वाचकाला ५ एप्रिलचे संत शोधताना आडवाट घ्यावी लागते. म्हणून कोणालाच अग्रहक्क न देता साधे शीर्षक निःसंदिग्धीकरणाच्या पानालाच द्यावे. ते पान असे दिसेल:

विन्सेंट फेरर या नावाने पुढील व्यक्ती ओळखल्या जातात:
– संत विन्सेंट फेरर (१३५०–१४१९): व्हॅलेन्सियाचे डॉमिनिकन प्रवचनकार, कास्पे इथल्या निवाड्यातील एक पंच
– विसेंते फेरेर मोंचो (१९२०–२००९): बार्सिलोनात जन्मलेले, मनमाड व नंतर अनंतपूर इथे ग्रामविकासाचे काम केलेले माजी जेझुइट, ‘फादर फेरर’
– विसेंते फेरेर (प्रकाशक): व्हॅलेन्सियातील ‘मेदिया वाका’ प्रकाशनाचे संस्थापक
हेही पाहा: विसेंते फेरे (मृत्यू १६८२), धर्मशास्त्रज्ञ, विसेंते फेरेर नेतो पाइवा (१७९८–१८८६), पोर्तुगीज कायदेपंडित, सान विसेंते फेरेर मिशन, बाहा कॅलिफोर्निया (स्थापना १७८०), साओ विसेंते फेरेर, ब्राझीलमधील दोन नगरपालिका

ओळखीच्या ओळीत ‘थोर’, ‘महान’, ‘वादग्रस्त’ असे काही नाही. निवड करायला लागेल तेवढीच माहिती ठेवली आहे. चरित्र वाचायचे असेल तर पुढे लेख आहेच.

जुने दुवे सोडवणे

पान तयार झाले की ‘येथे काय जोडले आहे’ ही यादी उघडावी आणि प्रत्येक वाक्य वाचावे. आपोआप बदल करणारा सांगकाम्या इथे वापरू नये. काही वाक्ये झटपट सुटतात. चर्च, चॅपेल किंवा मिशन या नावाचे असेल तर ते संतांचेच. मनमाडचे फेरर संत घोषित झालेले नाहीत, त्यामुळे त्यांच्या नावाने चर्च अर्पण होऊच शकत नाही. न्यूयॉर्कमधल्या लेक्सिंग्टन अॅव्हेन्यूवरच्या चर्चचा दुवा हा असा सुटतो. विहीर, कर्ज, दुष्काळ, ट्रस्ट, अनंतपूर, क्रीडासंकुल यांपैकी काही असेल तर विसेंते फेरेर मोंचो. पोप, आव्हिन्याँ, ब्रिटनी, डॉमिनिकन असेल तर संत. पण लॅटिन भाष्यग्रंथाचा किंवा सालामांकाच्या अध्यापनाचा उल्लेख असेल तर आधी १६८२ चे फेरे आठवावेत.

‘सेंट व्हिन्सेंट’ एवढेच असेल तर त्याला फेररच्या पानाकडे न्यायचेच नाही. महाराष्ट्रात या नावाने जे दिसते त्यात फ्रान्सचे विन्सेंट दि पॉल (१५८१–१६६०) हेही असतात. त्यांच्या नावाची, १८३३ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झालेली मदतसंस्था इथल्या धर्मग्रामांतही काम करते. व्हॅलेन्सियातला सान विसेंते रस्ता हुतात्मा विसेंत यांचा.

सर्वांत काळजीने सोडवायचे वाक्य म्हणजे धर्मांतराचे. ‘विन्सेंट फेरर यांनी हजारो लोकांचे धर्मांतर केले’ असे वाक्य भक्तिपर साहित्यातून संतांविषयी आलेले असते. त्यातला दुवा चुकून मनमाडच्या लेखाकडे गेला, तर १९६८ मध्ये ज्या आरोपावरून एवढे वादळ उठले तोच आरोप सिद्ध झाल्यासारखा कोशात छापला जातो. असे वाक्य दिसले की नुसता दुवा बदलून पुढे जाऊ नये. वाक्यातच शतक घालावे (‘पंधराव्या शतकाच्या आरंभी’), कोणाचे धर्मांतर ते लिहावे (‘ज्यू आणि मुसलमान’), आणि आकड्याला आधार नसेल तर तो काढावा. मनमाडच्या लेखातही आक्षेप कोणाचा, केव्हाचा हे स्पष्ट असावे आणि तो आक्षेप म्हणूनच राहावा.

दुवे संपले की माहितीचौकटी पाहायच्या. मराठी विकिपीडियावरच्या अनेक चौकटी जन्म, मृत्यू आणि चित्र विकिडेटा या सर्व भाषांना सामायिक माहितीसंचावरून उचलतात. लेख चुकीच्या कलमाला (विकिडेटावरच्या नोंदीला) जोडलेला असेल तर मजकूर मनमाडचा आणि चौकटीत पांढरा झगा, काळा अंगरखा, वर उचललेले बोट असे संतांचे चित्र, शेजारी जन्म १३५०, असे दृश्य दिसते. चौकटीत हाताने वर्ष लिहून हे झाकता येते, पण तसे करू नये. दुसऱ्या भाषांतली चूक तशीच राहते आणि ‘इ.स. १९२० मधील जन्म’ या वर्गात लेख येतो की नाही हेही बेभरवशाचे होते. कलमावर जाऊन मराठी लेखाचा दुवा काढावा, योग्य कलमाला जोडावा, आणि दोन्ही कलमांत ‘यापेक्षा वेगळे’ या गुणधर्मात एकमेकांची नोंद करावी, म्हणजे पुढचा संपादक ती दोन कलमे विलीन करायला धजावणार नाही. निःसंदिग्धीकरणाच्या पानाचे कलमही वेगळेच असते. ते ‘विन्सेंट’ या व्यक्तिनामाच्या किंवा ‘फेरर’ या आडनावाच्या कलमाला जोडू नये.

ग्रंथालयाच्या सूचीत काम करणाऱ्याला विकिडेटाऐवजी आंतरराष्ट्रीय अधिकृत नामनोंदी तपासाव्या लागतील. तिथे शोध जन्ममृत्यूच्या वर्षांवर घ्यावा, नावावर नाही. संतांची नोंद फ्रेंचमध्ये ‘व्हँसां फेरिए’, इटालियनमध्ये ‘व्हिन्चेन्झो फेर्रेरी’, लॅटिनमध्ये ‘विन्सेन्तियुस फेर्रेरियुस’ अशी असते आणि यातले एकही रूप देवनागरीतून टंकून सापडत नाही. प्रकाशकाच्या बाबतीत जन्मवर्ष मराठी पानावर द्यायची गरज नाही. हयात व्यक्ती आहे, प्रकाशनाचे नाव आणि शहर यांवरून ओळख पटते.